हळदीचं बोट

किन्हवली
११ सप्टेंबर २०२५

अनिता,

आशीर्वाद पाठवतेय. घ्यायचे तर घे, नायतर पाकिटातच राहू दे. फोन केला की ती बाई सांगते, आपण संपर्क केलेला क्रमांक व्यस्त आहे. तीन महिने कुणी व्यस्त असतं का गो? ब्लॉक कशाला म्हणतात ते मला कळत नाय होय? म्हणून शेवटी वही काढली. भगीरथचा टेम्पो आठवड्यातून दोनदा सरळगाववरून मुरबाडला जातो, त्याच्या हाती देतेय. पत्र ब्लॉक करता येत नाय. फाडता येतं, पण त्यासाठी निदान हातात तरी घ्यावं लागतं.

आमी मजेत. शिवणाची शेड जोरात आहे. चौदाच्या चौदा मशिनी सकाळी नऊला सुरू होतात, त्या पाचपर्यंत थांबत नायत. वाशिंदच्या शेठनं जाड सुया दिल्या, जाड हिरवा दोरा दिला. सैन्याच्या किटबॅगांचं कापड तर कापूनच येतं. आमी जोडायचं, बंद लावायचे, कोपरे दुहेरी शिवायचे. तुझ्या कात्रीवाचून आमचं काय अडलं नाय, एवढंच सांगायचं होतं.

हे लिहायला नको होतं. पण पेनानं लिहिलंय, आता राहू दे.

तू जाताना जे बोललीस ते विसरले नाय मी. जूनमधला तो दिवस, बाहेर चिखल, आणि तू कापायच्या टेबलाला टेकून उभी. "ताई, शाळेच्या गणवेशाचं कापड माळ्यावर टाकून तू सैन्याच्या पिशव्या घेतल्यास. एकशेसाठ पोरं फाटक्या कपड्यांत शाळेत जातील." मी बोलले, मे महिन्यात सीमेवर काय झालं ते टीव्हीवर बघितलंस ना, आधी देश, पोरांना पुढच्या महिन्यात देऊ. तर तू म्हणतेस, "देश म्हणजे तरी काय, ही शेडच समज. मशिनी चौदाच. एक मशीन एका वेळी एकच वस्तू शिवते. सरकारनं कशावर किती खर्च केला हे सगळे बोलतात. त्यापायी काय शिवायचं राहिलं, ते कुणी बोलत नाय."

बीएला अर्थशास्त्र घेतल्याचा तोरा तुला पहिल्यापासून. मी बोलले, तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव, मला बाया पोसायच्यात. त्यापुढं मी आणखी एक वाक्य बोलले. ते इथं लिहीत नाय.

आता माझं ऐक. शेडमागच्या आदिवासी वाडीतली बुधी, जिला आपण धागे कापायला ठेवलं, ती आणि तिचा नवरा पोश्या दर वर्षी दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जातात. त्यांच्या पोरीची, भिमीची शाळा तिथंच मोडते. तूच तर त्या पोरीला टेबलाखाली बसवून बाराखडी शिकवलीस, कापडाच्या चिंध्यांवर खडूनं. तर यंदा बुधी मला बोलली, "बाय, मी नाय जायची भट्टीवर. हितं काम हाय." भिमी चौथीत आहे. अख्खं वर्ष शाळेत बसायची तिची ही पहिलीच वेळ.

आता सांग, सैन्यावरचा पैसा वाया गेला का? दिल्लीहून निघाला, वाटेत शेठच्या खिशात थोडा गळला, मान्य. पण भिमीच्या दप्तरापर्यंत पोचला की नाय? तुझ्या पुस्तकात हे कुठल्या पानावर लिहिलंय ते मला कळव.

तुझी ताई,
निर्मला


किन्हवली
१२ ऑक्टोबर २०२५

अनिता,

भगीरथ सांगत होता, तू पाकीट घेतलंस. पाणीसुद्धा विचारलं नाय त्याला. त्या बिचाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय? माझा राग माझ्यावर काढ, मी काय पळून जात नाय. वर हेही सांगत होता की तू वाळली आहेस. मुरबाडच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून कापतेस म्हणे. डबा तरी नीट नेतेस का?

दसरा झाला. मशिनींची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या. बुधीनं रानातून आपट्याची डहाळी आणली होती. पूजेनंतर पहिली पिशवी शिवली तेव्हा मी तिच्या आतल्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. आई काय म्हणायची, आठवतं? कोरं कापड कोरंच अंगाला लावू नये, आधी हळदीचं बोट. दर जूनला गणवेशाच्या पहिल्या शर्टाला तू कॉलरच्या आत लावायचीस ना, तसंच.

त्यावर बायांचा गोंधळ. योगिनी बोलली, "ताई, एकाच जवानाला हळद, मग बाकीच्यांनी काय पाप केलं?" बाईजाकाकूंनी लगेच मान हलवली. त्यांचा पुतण्या तिकडं बर्फात आहे. मी बोलले, बघू.

मुख्याध्यापक येऊन गेले. भांडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण ते दारातच उभे राहिले. माळ्यावरच्या गठ्ठ्यांकडं बघितलं आणि बोलले, "निर्मलाताई, दिवाळीनंतर तरी जमेल का?" मी त्यांना चहा दिला. जमेल, मी बोलले. कसं जमेल ते तुला ठाऊक आहे. पिशव्या कापून येतात, गणवेश कापावे लागतात, आणि पहिलीच्या पोरापासून आठवीच्या पोरीपर्यंत मापं डोळ्यानं ओळखणारी एकच बाई या शेडमध्ये होती.

भिमी रोज शाळेत जाते हो. शाळा सुटली की शेडच्या पायरीवर बसून मोठ्यानं धडे वाचते. मशिनींच्या आवाजावर आवाज चढवून. तिचा फ्रॉक बगलेत उसवला होता, तर बुधीनं आमच्याच हिरव्या दोऱ्यानं टाके घातले. फ्रॉक फाटेल पण ते टाके काय तुटायचे नायत. मला हसू आलं, आणि मग का कुणास ठाऊक, रडू आलं. तुला हे सांगायचं नव्हतं.

दिवाळीला ये. अनारसे बाईजाकाकूंकडून करून घेते, माझे फसतात.

ताई


किन्हवली
१९ डिसेंबर २०२५

अनिता,

दिवाळीला आली नायस. राहिलं.

वाईट झालंय, म्हणून लिहितेय. गेल्या महिन्यात नऊशे पिशव्यांची खेप वाशिंदला गेली. दहा दिवसांनी सगळीच्या सगळी परत आली. नापास.

झालं असं. प्रत्येक पिशवीच्या आतल्या कोपऱ्याला हळद लागलेली होती. गोदामातल्या पोरांनी पिवळा डाग बघितला आणि घाबरून साबणाच्या पावडरीनं घासला. तुला माहीतच आहे, हळदीला साबण लागला की काय होतं. लालभडक! तपासणीला आलेल्या साहेबानं पिशवी उलटी केली आणि विचारलं, "ये खून है क्या?" न घासता तशाच आमच्याकडं परत पाठवल्या असत्या तर दोन दिवस उन्हात टाकून डाग घालवला असता. गावातल्या कुठल्याही पोरीनं सांगितलं असतं. पण शहाण्यांना कोण सांगणार!

साहेब आणि शेठ दोघं इथं आले. सगळ्या बायांना रांगेत उभं केलं. कुणी केलं म्हणून विचारलं. कुणी बोलेना. बुधीची बोटं पिवळी होती, नखांपर्यंत. ती लपणार कशी? तिनंच लावली होती सगळ्या पिशव्यांना, कुणाला न विचारता. अडाणी बाई, तिला काय कळतंय सैन्याचे नियम. शेठ बोलला, हिला काढा, नायतर शेड बंद. माझा हात दगडाखाली. तेरा बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. काढली.

तिसऱ्या दिवशी बुधी आणि पोश्या भट्टीवर गेले. सापगावच्या पुढं, नदीकाठी. भिमीला घेऊन.

मशिनी बंद आहेत. नऊशे पिशव्यांचा ढीग शेडमध्ये पडलाय, त्यावर मांजर झोपतं.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं. म्हण.

ताई


किन्हवली
६ जानेवारी २०२६

अनिता,

तुझी चिठ्ठी मिळाली. सात महिन्यांनी तीन शब्द. "भिमी कुठे आहे?" ना ताई, ना खुशाली. भगीरथनं दिली तेव्हा मला आनंद झाला, मग वाचली आणि चुलीपुढं तशीच बसून राहिले. भात करपला.

भट्टीवर आहे. ते मी लिहिलं होतं. तरी तू तेच विचारलंस, कारण तुला माझी पहिल्यापासूनची खोड माहीत आहे. लहानपणी मडकं माझ्या हातून फुटायचं आणि मी मांजराचं नाव घ्यायची.

ऐक तर. हळद लावायला मी सांगितलं.

दसऱ्यानंतर योगिनी आणि बाईजाकाकू रोज तेच बोलत होत्या. एकाला लावली, दुसऱ्याला नाय, असं नको. मलाही पटलं. काय सांगू, चांगलंच वाटत होतं. कुठल्या तरी डोंगरावर कुणा आईच्या पोराच्या पाठीवर आपली पिशवी असेल, तिला आपलं बोट लागलेलं असेल. मी हळदीचं ताट केलं. आणि ते ताट मी मुद्दाम बुधीच्या हातात दिलं. बुधीच का, माहीत आहे? आपल्या गावात लग्नकार्यात वाडीतल्या बाईला कुणी हळदीला हात लावू देत नाय. मला वाटलं, माझ्या शेडमध्ये तसं चालणार नाय. माझा मोठेपणा! बुधीनं ताट घेतलं तेव्हा तिनं आधी हात धुतले, पदराला पुसले, मग पुन्हा धुतले. त्या दिवसापासून धागे कापून झाले की ती प्रत्येक पिशवीला बोट लावायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी बोलायची. मी एकदा विचारलं. "काय नाय बाय," ती बोलली, "जा आणि परत ये, एवढंच."

आणि साहेबानं जेव्हा विचारलं, कुणी केलं, तेव्हा सगळ्या बाया गप्प होत्या हे खरं. पण मी गप्प नव्हते. मी बोलले, "हिची बोटं बघा."

हे शब्द माझे आहेत. शेठचे नायत. बुधीनं माझ्याकडं बघितलं. ताटाचं एक अक्षर बोलली नाय. हात मागं घेतले आणि चालती झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी दिली. बाईजाकाकू आणि योगिनी रडत होत्या, पण त्यांनाही कामाची भीती. माझी तेवढी भीती, त्यांची तेवढीच. फरक एवढाच की हो म्हणायचं माझ्या हातात होतं.

आणि जूनमध्ये मी तुला जे वाक्य बोलले, जे पहिल्या पत्रात लिहिलं नाय, तेही आता लिहिते. मी बोलले होते, "शेड माझ्या नावावर आहे, पटत नसेल तर चालती हो." पहिल्या दोन मशिनी तुझ्या कॉलेजच्या शिकवण्यांच्या पैशांतून आल्या. मला आठवत नव्हतं असं नाय. त्या वेळेला आठवायचं नव्हतं.

आता तुझ्या त्या शेडच्या हिशोबाबद्दल. रोज विचार करते, भांडतेही तुझ्याशी, भाकरी थापताना. तू बरोबर होतीस, पण अर्धी. पिशव्या आल्या म्हणून भिमी शाळेत बसली, हे खोटं नाय. सहा महिने तेरा घरांत उधारीशिवाय किराणा आला. आणि सीमेवर कुणी उभंच राहिलं नाय तर शाळा तरी कुठली? पण पिशव्या आल्या म्हणून भिमीला गणवेश मिळाला नाय, हेही खोटं नाय. एकाच पोरीला एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. आणि शेवटी पहिल्या हातानंही काढून घेतलं. पिशव्यांची ऑर्डर म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी. त्यानं दोर ओढून घेतला की आपली घागर कोरडी. शाळा कुठं पळून जाते? पोरं दर जूनला वाढलेलीच असतात.

हे तू मला सांगत होतीस ना? मग सरळ असं सांगायचं होतं. पुस्तकी बोलून माझं डोकं कशाला फिरवलंस!

भिमीला आणते. कशी, ते अजून ठाऊक नाय.

निर्मला


किन्हवली
२९ जानेवारी २०२६

अनिता,

मोठं पत्र आहे. पाणी घे आणि बस.

संक्रांतीनंतर मी सगळ्या बायांना शेडमध्ये बोलावलं आणि जे तुला लिहिलं ते त्यांच्या तोंडावर बोलले. मी सांगितलं होतं हळद लावायला, बुधीनं नाय, आणि तिची बोटंही मीच दाखवली. बाईजाकाकू बोलल्या, "आमाला काय ठाऊक नव्हतं होय?" ठाऊक सगळ्यांना होतं. कुणीतरी बोलायचं बाकी होतं.

मग आमी नऊशे पिशव्या साध्या पाण्यात भिजवल्या. लाल गेलं, पिवळं परत आलं. उलट्या करून खळ्यावर पसरल्या. चार दिवस कडक ऊन लागलं. सगळं खळं हिरवं. शाळेची पोरं कुंपणावरून विचारत होती, मावशी, मिल्ट्री आली काय? चौथ्या दिवशी संध्याकाळी बघितलं, कोपरे साफ. अनिता, मी त्या कोपऱ्यांकडं बघून शिव्या घातल्या, स्वतःलाच. चार दिवसांचं ऊन पुरलं असतं गो. तेवढ्यासाठी एक बाई घालवली, एका पोरीची शाळा घालवली.

शेठनं पिशव्या नेल्या. पास झाल्या. मी त्याला सांगितलं, चूक बुधीची नव्हती, माझी होती. तो हसला. "जाने दो ना ताई, माल पास हुआ ना!" मला वाटलं होतं रागावेल, ओरडेल. त्याला काही पडलेलीच नव्हती. वर दुप्पट ऑर्डर पुढं केली. मार्चच्या आत सरकारला पैसा संपवायचा असतो म्हणे, म्हणून घाई. चौदाच्या चौदा मशिनी पायजेत, दोन पाळ्यांत. मी बोलले, सात देते. तो बोलला, सातात काय होतं, भिवंडीत पन्नास मशिनींवाले रांगेत आहेत. मी बोलले, मग त्यांना द्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तुझी ताई आहे मी. दोन दिवस त्याचा फोन नाय. योगिनी माझ्याशी बोलेना, तिला घरात पत्रे घालायचेत. तिचं काय चुकलं? तिसऱ्या दिवशी शेठचा माणूस सात मशिनींपुरतंच कापड टाकून गेला. दर थोडा पाडला. घेतला.

मग भट्टीवर गेले. भगीरथनं सोडलं. बुधी चिखल साच्यात घालत होती, पोश्या माती मळत होता. भिमी वाळत घातलेल्या विटा एकेक करून उभ्या करत होती, दुसरी बाजू वाळावी म्हणून. मोठ्यानं पाढे म्हणत होती. सातापर्यंत येत होते तिला, आठाच्या पाढ्यात अडकली की पुन्हा सातावर यायची. भट्टीवर आठचा पाढा कोण सांगणार?

मी बुधीपुढं उभी राहिले आणि बोलले, "हळद मी लावायला सांगितली होती."

तिनं साचा उपडा केला. "मला काय सांगतेस बाय? ताट तूच दिलंस ना माझ्या हातात. मी होतेच तिथं. त्या बायांना सांग."

"सांगितलं."

"शेठला?"

"त्यालाही."

तिनं आणखी दोन विटा पाडल्या. मी उभीच. तिचे हात मातीनं भरलेले, आणि माझ्या हातात नवी पिशवी, त्यात लाडू. लाज वाटली. शेवटी मी बोलले, चल परत. ती बोलली, "नाय येता येत. शब्द दिलाय, भट्टी अर्ध्यावर टाकून नाय येत आमी. तुझ्यासारखं नाय." पोश्या तिला गप्प बस बोलला. ती नाय बसली. "पावसाळ्याच्या आधी येईन. तवा काम असंल तर दे, नसंल तर नको." मग भिमीला हाक मारली, तिचे हात बादलीत धुतले, पदरानं पुसले आणि तिला माझ्या पुढ्यात उभं केलं. "हिला ने. शाळेत बसव. ही तुझ्या शेडची नाय, अनिताबायची हाय. तिला सांग."

सांगितलं. म्हणूनच हे पत्र.

भिमी आता माझ्याकडं असते. सव्वीस जानेवारीला तिला घेऊन झेंडावंदनाला गेले. एकशेसाठ पोरं रांगेत, कुणी लग्नातल्या कपड्यांत, कुणी भावाच्या शर्टात. भिमी तिच्या त्याच फ्रॉकमध्ये, बगलेत हिरवे टाके. झेंडा वर गेला तशी पोरं ताठ उभी राहिली. मी पहिल्यांदा नीट मोजून बघितलं, काय शिवायचं राहिलं ते.

सात मशिनी मोकळ्या ठेवल्यात. माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले. एका गठ्ठ्याला उंदीर लागलाय, बाकी चांगले आहेत. रविवारी बजेट आहे, टीव्हीवर सांगतील सैन्याला किती, शाळांना किती. त्यांच्या मशिनी किती ते त्यांना ठाऊक. आपल्या चौदा.

काल मी भिमीचा गणवेश स्वतः कापला. हसू नकोस. मापं घेतली, खडूनं आखलं, तरी एक बाही आखूड झाली आणि खांदा उतरला. घातल्यावर पोरगी बुजगावण्यासारखी दिसते. पण तिनं आरशात बघितलं आणि खिशात हात घालून उभी राहिली. तिला खिसा आवडला. मी शर्ट काढून घेतला, सवयीनं हळदीच्या डब्यात बोट बुडवलं आणि कॉलरच्या आत लावायला गेले.

भिमीनं माझं मनगट धरलं. "नको गो मावशी," ती बोलली, "शर्ट नापास होईल."

अनिता, मी डबा खाली ठेवला. तिच्या आईनं नऊशे पोरांना जा आणि परत ये म्हणून जे बोट लावलं, त्याचा या पोरीनं एवढाच अर्थ घेतला, आणि तो तिला मी शिकवला. मी तिला पुष्कळ समजावलं. डाग नसतो तो, कुणी नापास करत नाय. मान हलवते, पण शर्ट देत नाय. रात्री उशाखाली घेऊन झोपली. शेवटी मी बोलले, "बरं, अनिताबायच्या हातून लावून घेशील?" तर म्हणते, "ती कापील पण का नीट?"

भगीरथ उद्या हे पत्र देईल, रात्री मुरबाडलाच थांबेल आणि शनिवारी सकाळी परत निघेल. पुढची सीट रिकामी ठेव म्हणून मी त्याला सांगितलंय. शेडच्या कागदावर तुझं नाव घालायला अर्ज केलाय, तो तू आली नायस तरी मागं घेणार नाय.

भिमीला मी शनिवार सांगितलाय. मला खोटं पाडलंस तरी चालेल, मला सवय आहे, पण ती सकाळपासून रस्त्यावर जाऊन बसेल. हळदीच्या डब्याचं झाकण मी बंद करून ठेवलंय.

येताना कात्री आण.

ताई